पार्किन्सनचा पेशंट पहिल्यांदाच सांभाळताय ना ताई, हे आधी पाहा

घाबरू नका ताई, जमते हे. सगळ्यात आधी लेवोडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या, गोळीची वेळ पकडा, डॉक्टरनं लिहिली तीच, सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण वरण, दूध, अंड्यातलं प्रोटीन तिला आडवं येते. वावरात सोंगणी असो का घरी लग्न, वेळ चुकवायची नाही अन् मनानं बंद तं बिलकुलच नाही.

नवीन माणसं हमखास काय करतात, पेशंट बाबांचे पाय दारात चिकटल्यासारखे अडकले की हात धरून ओढतात, त्यानंच पडतात ते. ओढू नका, उंबरठ्याआधी खडूची रेघ मारा अन् म्हणा, "बाबा, रेघ ओलांडा", पुष्कळदा पाय उचलतो.

उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड हे औषध नको, त्यानं ताठरपणा वाढते, गावातल्या डॉक्टरले आधीच सांगून ठेवा.

पाणी बसवूनच पाजा. डोजचं नंतर बोलू.