वाटा भांडवलातला की मतांतला?

प्रश्न : मी जर्मन कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचे इंग्रजी भाषांतर करते. भागधारणेच्या तक्त्यातील ‘आन्टाइल’ या शब्दासाठी सरसकट ‘शेअर’ लिहावे का? तसेच ‘श्ट्रॉयबेझित्स’साठी आपल्याकडे रुळलेले ‘पब्लिक शेअरहोल्डिंग’ चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही ठिकाणी तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आन्टाइल’ म्हणजे नुसता वाटा. तो कशातला, हे तक्त्याच्या मथळ्यावरून किंवा तळटिपेवरून ठरवावे लागते. फोक्सवॅगनचेच पाहा. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याकडे या कंपनीच्या भांडवलाचा सुमारे 12 टक्के वाटा आहे, पण मताधिकार मात्र 20 टक्के आहे. कंपनीचे समभाग, म्हणजे ‘श्टामआक्ट्सिए’, मताधिकार देतात आणि अग्रहक्क भागांना, म्हणजे ‘फोर्त्सूग्सआक्ट्सिए’ना, सहसा तो नसतो, राज्याची गुंतवणूक समभागांत असल्याने ही तफावत पडते. अशा तक्त्यात ‘20 पर्सेंट ऑफ शेअर्स’ लिहिले, तर इंग्रजी वाचकाला सरळसरळ चुकीची माहिती जाते. म्हणून मतांसाठी ‘व्होटिंग राइट्स’ आणि भांडवलासाठी ‘शेअर कॅपिटल’ हे शब्द प्रत्येक वेळी स्पष्टपणे लिहावेत, मग ओळ लांबली तरी चालेल.

याच राज्यामुळे ‘श्पेर्मिनोरिटेट’, म्हणजे ठराव अडवू शकणारे अल्पमत, हा शब्दही आपल्यासमोर येईल. त्याला ‘ब्लॉकिंग मायनॉरिटी’ हे नेमके आहे, मात्र स्वतःहून ‘25 टक्के’ अशी पुस्ती जोडू नये. जर्मन कायद्यानुसार कंपनीची नियमावली बदलायला सर्वसाधारणपणे सभेत उपस्थित भांडवलाच्या तीन चतुर्थांश बहुमताची गरज असते. फोक्सवॅगनमध्ये ही अट 80 टक्क्यांहून अधिक बहुमताची असल्याने तिथे 20 टक्क्यांवरही ठराव अडवता येतो.

‘श्ट्रॉयबेझित्स’ला ‘फ्री फ्लोट’, म्हणजे बाजारात खुल्या व्यवहारासाठी उपलब्ध असलेले शेअर, म्हणावे. आपल्या सेबीच्या पद्धतीत प्रवर्तक आणि त्यांचा गट वगळता बहुतेक सारे भागधारक ‘पब्लिक’मध्ये मोडतात, त्यात एखाद्या बाहेरच्या गुंतवणूकदाराचे 8 टक्केही आले. जर्मन शेअर बाजाराच्या निर्देशांकांसाठी मात्र 5 टक्के किंवा त्याहून मोठी हिस्सेदारी, काही फंडांचा अपवाद सोडल्यास, फ्री फ्लोटमधून वगळली जाते. त्यामुळे ‘पब्लिक’ लिहिल्यास आपल्याकडचा वाचक आकड्याचा भलताच अर्थ लावेल.

‘श्टामकापिटाल’ हा शब्द दिसला, तर तो मर्यादित दायित्वाच्या खासगी कंपनीचा समजावा, तिथे ‘श्टामआक्ट्सिए’ नसतात. शेअर काढणाऱ्या भागभांडवली कंपनीत त्याच जागी ‘ग्रुंडकापिटाल’ येते. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘शेअर कॅपिटल’ चालते.

काम हाती घेताना कंपनीचा मागील वर्षाचा इंग्रजी अहवाल अवश्य मागून घ्यावा. त्यातील शब्द अचूक असतील तर तेच कायम ठेवावेत.