आधी बातम्या युनिकोडमध्ये आणा, कोर्सचं नंतर बघू

ताई, तुमची पोस्ट वाचली. डिचोलीतून चार वर्षं दैनिकाला बातम्या दिल्या, आता एका पोर्टलच्या डिजिटल डेस्कसाठी अर्ज केला, त्यांनी दहा नमुने मागितले. तुम्ही जुन्या फायलींतून मजकूर कॉपी करून पाठवलात आणि तिकडून उत्तर आलं, "नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसताहेत." आणि आता तुम्ही विचारताय, चाळीस हजारांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स लावू की व्हिडिओ एडिटिंगचा?

आत्ता दोन्ही नकोत. बायोडेटा, प्रोफाइल वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही.

तुमच्या फायलीत मुळात मराठी नाहीच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आतून रोमन अक्षरांचीच असते, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी चेहरे चढवतो. समोरच्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की चेहरे उतरतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून ते सगळीकडे मराठीच राहतं. गूगललाही ती बातमी मराठी म्हणून दिसत नाही, त्यामुळे शोधात येत नाही. त्या फायलीची पीडीएफ केली तर डोळ्यांना छान दिसते, पण त्यातून कॉपी केलं की पुन्हा तेच कडबोळं.

माझी सगळ्यात महाग चूक म्हणजे लिहिलेल्याची प्रत स्वतःकडे ठेवली नाही. बातम्या ऑफिसच्या मशीनवर, फॉन्टचं कुलूप म्हणजे ते डोंगलही तिथेच, आणि माझ्याकडे फक्त वेबसाइटच्या लिंका. काम सोडल्यावर सॉफ्ट कॉपी मागितली तर "उद्या या", मग "सिस्टमवाला रजेवर आहे", मग "तसा नियम नाही". तेवढ्यात त्यांनी वेबसाइट नवी केली आणि जुन्या सगळ्या लिंका मेल्या. स्वतःच लिहिलेलं दाखवायला हातात काही नाही. नाव घेत नाही, गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

तर तुमचं काम असं करा. मूळ फायलींना हात लावू नका, त्यांची प्रत काढून प्रतीवरच काम करा. आधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा. श्रीलिपी, कृतिदेव हे असेच जुने फॉन्ट; एकाचं अक्षरं बदलायचं कोष्टक दुसऱ्याला चालत नाही आणि एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टनाही कधी कधी वेगळं लागतं. मग त्या फॉन्टचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन, घेऊन एकच परिच्छेद बदला आणि तो अक्षर अक्षर वाचा. घाण ठरलेल्या जागी होते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार याच्या उलट: जुन्यात सगळ्यात शेवटी, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. कन्व्हर्टर कच्चा असेल तर 'सरकारी निर्णय'मधली वेलांटी शेजारच्या अक्षरावर उडी मारते आणि 'कार्यकर्ता'चे रफार भलतीकडे जाऊन बसतात. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असेल तर कन्व्हर्टर त्यालाही मराठी समजून बदलतो, ते हातानेच दुरुस्त करावं लागतं. आकडे आणि अवतरणचिन्हंही तपासा.

फॉन्टच सापडत नसेल तर कात्रणाचा फोटो किंवा स्कॅन घ्या, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा. मराठी ओळखतं, बऱ्यापैकी. स्कॅन ३०० डीपीआयला, कागद सपाट, सावली नको. आणि एका वेळी एकच कॉलम कापून द्या, नाहीतर ते दोन कॉलमच्या ओळी आडव्या जोडून वाचतं. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतो, 'सरपंच'चा 'सरपच' होतो. कात्रणं जपली नसतील तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या अंकांची चौकशी करा, मात्र तारीख काढून जा. सगळ्या चार वर्षांच्या मागे लागू नका, बारा-पंधरा चांगल्या बातम्या पुरेत.

प्रत्येक बातमीची नोंद एका शीटमध्ये: तारीख, आवृत्ती, पान, मथळा, लिंक. लिंक चालू आहे तोवरच वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर जतन करा, शिवाय पानाची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. हे छापून आल्याच्या दिवशीच करायचं. नंतर करू म्हटलं की राहिलंच म्हणून समजा. मालकीबद्दल सांगायचं तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पगारी पत्रकाराच्या लेखनावर वृत्तपत्र-नियतकालिकांत छापण्यापुरता पहिला हक्क वृत्तपत्राच्या मालकाचा असतो, करारात वेगळं काही नसेल तर. मी वकील नाही, तुम्ही पगारी होता की बातमीमागे मानधन होतं त्यावरही फरक पडतो. नमुना म्हणून कात्रण आणि लिंक दाखवायला मात्र बिचकू नका.

आता टायपिंग. माझं मत काहींना पटणार नाही, पण इनस्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणीच, शिका. रोमनमध्ये लिहून मराठी करणारी साधनं मोबाइलवर ठीक, पण ती शब्द ओळखून सुचवतात, आणि गावांची, वाड्यांची, माणसांची नावं घाईत भलतीच उमटतात. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की कीबोर्ड मिळतो, विंडोज-स्पेस दाबून बदलायचा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. क ला शिफ्ट दिला की ख, प ला शिफ्ट दिला की फ. रोज अर्धा तास बसलात तर महिन्या-दीड महिन्यात हात बसतो. कोकणी देवनागरीतून लिहायचं काम आलं तरी तोच हात चालतो, आणि इथे ते येतंच.

एक गोष्ट नीट बघा, कारण गोव्याच्या बातमीत ती रोज लागते: 'किनाऱ्यावर'. पुष्कळ पोर्टलांवर 'किनार्यावर' दिसतं, र चा रफार होऊन बसलेला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबला की नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग स्लॅशच्या कळीवरचा य. झाला ऱ्य. काही साधनं हेच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून करतात. दिसायला दोन्ही सारखं, पण आतून वेगळं, म्हणून फाइलमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. डेस्कवर सगळ्यांनी एकच पद्धत धरायची. चाचणीत 'किनाऱ्यावर' बरोबर टाइप केलंत तर जुना उपसंपादक मान वर करून बघेल.

तसंच नावांचं. डिसोझा, डिसौझा, डिसूझा. गाव साखळी की सांखळी. एकाच माणसाच्या बातम्या तीन स्पेलिंगांत विखुरल्या तर संबंधित बातम्यांची साखळी जुळत नाही. स्वतःची नावांची यादी करा, जोडीला रोमन स्पेलिंगही लिहा, कारण वाचक शोधताना दोन्ही टाकतात. आणि बातमीच्या लिंकेतला मजकूर रोमनमध्ये ठेवा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह लिंकेत नऊ अक्षरांचं होतं, नुसत्या 'म्हापसा'ची त्रेसष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर तो साप कोण उघडणार?

व्हिडिओ शिकाच, पण त्यासाठी चाळीस हजार घालवू नका. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सुरुवातीला भरपूर झाली. मराठी पट्टी टाकताना जोडाक्षरं फुटली तर चूक तुमची नाही, मजकूर-इंजिनची असते: व्हिडिओच्या प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन इंजिन निवडायचं, पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. कुठलंही नवं सॉफ्टवेअर घेतलं की आधी 'श्रीकृष्ण, क्षत्रिय, किनाऱ्यावर, कार्यकर्ता, ॲड.' एवढं टाकून बघा. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीतच जतन करा, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर शटर १/५० सेकंदावर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मिरामारच्या किनाऱ्यावर कुणाची बाइट (प्रतिक्रिया) घेताना वाऱ्यापुढे माइकवर स्पंज पुरत नाही, केसाळ टोपी लागते. आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडू नका; हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि ते ओलं झालं की बदला किंवा तापवून सुकवा. लेन्सला बुरशी एकदा आत गेली की साफसफाईचा खर्च ऐकून रडू येतं.

डिजिटल मार्केटिंगपेक्षा मी शीट्सवर, म्हणजे तक्त्यांच्या कामावर, वेळ घालवायला सांगेन. गोवा विधानसभेच्या ४० मतदारसंघांचे निकाल एका तक्त्यात लावून 'कुठे फरक हजाराच्या आत होता' हे पाच मिनिटांत काढणारा माणूस डेस्कवर हवाच असतो. मराठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की कचरा दिसू शकतो. ती 'डेटा'मधून, टेक्स्ट-सीएसव्ही म्हणून, ६५००१ यूटीएफ-८ निवडून आत घ्यायची. फाइल बिघडलेली नसते, म्हणून घाबरून तशीच सेव्ह मात्र करू नका, मग खरंच बिघडते.

मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतील. पोर्टलवाल्यांना आजच दोन ओळींचा मेल टाका, "नमुने युनिकोडमध्ये आठवड्यात देते." आणि इथे एका फायलीतल्या फॉन्टचं नाव आणि चार ओळींचा स्क्रीनशॉट टाका, कोणता कन्व्हर्टर लागेल ते सांगतो.