भुसावळात सगळ्या समाजांना घेऊन सार्वजनिक शिल्प कसं करावं?

तुम्ही विचारलंय की भुसावळात इतक्या तऱ्हेचे लोक राहतात, तर त्यांच्याच हातून चौकात एखादं शिल्प उभारता येईल का आणि सुरुवात कुठून करावी. मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे या बाबतीत माझी मतं जरा पक्की आहेत.

आधी चौक सोडा. रस्ते, फुटपाथ अशा जागी पुतळ्यांना किंवा बांधकामांना परवानगी देऊ नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना दिला आहे. बाग बघा, नाहीतर वाचनालयाचं आवार.

दुसरं, ‘आपल्या समाजाचं प्रतीक आणा’ असं चुकूनही सांगू नका. लेवा पाटील, तडवी, सिंधी, रेल्वेच्या नोकरीपायी उत्तरेतून-दक्षिणेतून आलेली घरं, सगळ्यांचे पुढारी प्रतीकं घेऊन हजर होतील. मग कोणाचं वर आणि कोणाचं खाली, यातच बैठका संपतील. झालंच काही, तर २६ जानेवारीचा चित्ररथ होईल.

अँटनी गोर्मली या ब्रिटिश शिल्पकाराने १९९३ मध्ये सेंट हेलेन्स गावातल्या सुमारे १०० लोकांकडून मातीच्या ४० हजारांच्या आसपास मूर्ती करून घेतल्या. हातात मावेल एवढी, उभी राहील अशी, दोन डोळ्यांची, एवढंच सांगितलं होतं. बाकी ज्याचं त्याने ठरवायचं. काम देखणं आहे, पण नाव शेवटी गोर्मलीचंच राहिलं. मला शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांचं छत्तीसगडच्या बस्तरमधलं काम जास्त पटतं. कोंडागावच्या आसपास तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर त्यांनी हातपंपांच्या जागा घडवल्या. पाणी भरणाऱ्या बायांना घागर टेकवायला सोयीचं व्हावं, हा विचार त्या शिल्पातच आहे.

म्हणून माझं सुचवणं असं, की पाटे-वरवंटे गोळा करा. मिक्सर आल्यापासून ते माळ्यावर नाहीतर मोरीत पडून आहेत. आपला पाटा, उत्तरेकडच्यांचा सिलबट्टा, दक्षिणेकडच्यांचा रगडा, काम एकच पण घडण निराळी. टाकीचे घावसुद्धा वेगळे दिसतात. कुणाला समजावून सांगायची गरजच नाही. जातं मात्र काही घरं देणार नाहीत, लग्नात हळद दळायला लागतं. तिथे ओल्या मातीत त्याचा ठसा घ्या आणि भाजून लावा.

या दगडांचे ओटे बांधा, लोक बसतील असे. निंबाखालीच बांधा, कारण इथल्या मे महिन्यात ४५ अंशांना काळ्या दगडावर कोण टेकणार? कुठला दगड कुठे बसवायचा हे तो देणाऱ्या बाईलाच ठरवू द्या. तुमच्या आराखड्याची थोडी वाट लागेल, लागू द्या. उद्घाटकांच्या नावाची पाटी शक्य तितकी लहान ठेवा (टळणार नाही, हे मलाही माहीत आहे).

आणि पहिली बैठक नगरपालिकेत नको. रेल्वे क्वार्टरमध्ये दुपारी तीननंतर घ्या, बाया तेव्हाच जरा मोकळ्या असतात.