वाचकांचे प्रश्न : हाटाची जागा आणि होळकरी नाणी

प्रश्न : देपालपूरकडच्या आमच्या शेतात पूर्वी आठवड्याचा हाट भरत असे. मेटल डिटेक्टरने तिथे सुरुवातीला बरीच नाणी निघाली. बसलेल्या बैलाचे होळकरी अर्धे आणे होते, राणीछाप पाव आणेही होते. आता नुसते खिळे लागतात. जागा संपली का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाही. वरवरची, खणखणीत आवाज देणारी नाणी तेवढी निघाली. हाटाच्या जागेत बैलांचे नाल, गाड्यांच्या धावांचे तुकडे, खिळे असं लोखंड नाण्यांच्या कैक पट असतं. डिस्क्रिमिनेशन (म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळण्याची मशीनची सोय) वाढवून लोखंड गप्प केलं, की खिळ्याशेजारचं नाणंही गप्प होतं. म्हणून ते जवळजवळ शून्यावर ठेवा आणि ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) काढून ५-६ इंची लावा. मोठी कॉइल एकाच वेळी तीन-चार खिळ्यांवर असते, त्यात नाण्याचा आवाज बुडतो.

सुतळी बांधून मीटरभर रुंदीचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा, प्रत्येक फेर आधीच्या फेरावर अर्धा चढू द्या. पट्टे संपले की तेच क्षेत्र आडवं चाला, कारण खिळ्याला चिकटलेलं नाणं बरेचदा एकाच दिशेने बोलतं. तुटक पण बारीक, उंच आवाज आला, तर त्याभोवती काटकोनात वळा. आवाज त्याच बिंदूवर राहिला तर खणा. बाजूला सरकला तर बहुधा लोखंडच. नाणं निघालं तरी खड्डा पुन्हा तपासा, मगच बुजवा.

माळव्याची काळी माती बेसाल्टची, तिच्यातल्या चुंबकीय खनिजाने मशीन उगाच बडबडतं. धातू नसलेल्या जागी कॉइल वीतभर उंचीवरून जमिनीजवळ खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन त्या मातीचा आवाज वगळायला शिकेल. वावर बदललं किंवा ओल बदलली की पुन्हा करा. बडबड थांबत नसेल तर सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं उतरवा. नको ते आवाज गेले की खोलवरचा खरा आवाज ऐकू येतो. नवी कॉइल घ्यायचीच असेल तर अशा जमिनीत डीडी (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) बरी.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात आणि त्यातून नाणी खाली सरकतात. नांगरटीने त्यातली काही वर येतात, म्हणजे जागा दरवर्षी थोडी नवी होते. पण ढेकळांवर चालू नका. कॉइल चार बोटं वर राहते आणि तेवढी खोली वाया जाते. पहिल्या सरींनी ढेकळं विरघळली की सोयाबीन पेरायच्या आत फिरा.

धातू ओळखायला मशीन पडद्यावर जो आकडा दाखवतं त्यावर फार विसंबू नका. तांब्याचा पाव आणा वरचा आकडा दाखवतो, पण १९०७ पासूनचा कातरलेल्या कडेचा निकेलमिश्रित एक आणा गुटख्याच्या पुडीच्या चंदेरी कागदाजवळ येतो. कचऱ्याला कंटाळून आकड्यांचा तो टप्पा बंद केलात, तर सगळे आणे मातीतच राहतील.

प्रश्न : तांब्याची नाणी चिंचेने घासावीत का?

उत्तर : मुळीच नाही. आम्लाने वरचा थर जातो आणि ठशाची अक्षरंही. डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला, पाणी बदलत राहा, सुटलेली माती लाकडी दातकोरणीने काढा. फिकट हिरवी भुकटी सतत धरत असेल तर ते नाणं वेगळं, अगदी कोरडं ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा.

प्रश्न : सापडलेलं नाणं घरी ठेवता येतं का?

उत्तर : १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह (गुप्तधन) कायद्यानुसार जमिनीत दडलेलं धन १० रुपयांहून अधिक किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. जागा, तारीख, खोली आणि फोटो तिथल्या तिथे टिपून ठेवा. शेत दुसऱ्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखीच घ्या, आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन नेऊच नका.