ही गुणपत्रिका कोणाची?

"ताई, पोहतो छान, पण या मार्कांवर कॉलेजच्या संघात घेतील ना त्याला?"

मुलांच्या अभ्यासाबद्दल घरांना सल्ला देणं हे माझं काम. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये मराठी आईवडिलांकडून हा प्रश्न मी दर हिवाळ्यात ऐकते. पोहण्याच्या जागी कधी टेनिस असतं, कधी क्रॉस कंट्री. म्हणून निहारची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

फेब्रुवारी संपत आला होता, शाळेचा पोहण्याचा हंगामही. निहार अकरावीत. आईच्या मांडीवर त्याच्या गुणपत्रिकांची जाडजूड फाईल. मी निहारला विचारलं, "या वर्षी कोणते विषय आहेत?" उत्तर आईनं दिलं. "अवघड काय जातं?" उत्तर बाबांनी दिलं. निहार खिडकीबाहेरचा बर्फ बघत होता.

"जीपीए ३.१ आहे," बाबा म्हणाले. "डिव्हिजन वनला २.३ पुरतो. मग अडचण कुठे आहे?"

जीपीए म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, आणि डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजच्या खेळांचा सगळ्यात वरचा गट. इथेच बहुतेक घरं फसतात. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था, सगळी गुणपत्रिका धरत नाही, मुख्य विषयांचे १६ कोर्स, म्हणजे कोअर कोर्सेस धरते: इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, इंग्रजी-गणित-विज्ञानातलं आणखी १ आणि ४ जास्तीचे, ज्यात परकी भाषाही चालते. २.३ मोजायचा तो एवढ्यांवरच. पीई (शारीरिक शिक्षण) आणि बँडमधले 'ए' त्यात येत नाहीत. 'बी प्लस' मिळाला तरी तो 'बी' इतकाच. शिवाय १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत आणि त्यातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. त्या दहांच्या ग्रेड तिथेच गोठतात. बारावीत तोच विषय पुन्हा करून डिव्हिजन वनसाठी जीपीए वाढवता येत नाही.

"एसएटीत भरून काढेल की," बाबा म्हणाले. तो हिशोब जुना झाला. जानेवारी २०२३मध्ये एनसीएएनं पात्रतेसाठीची एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट काढून टाकली. एखादं कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी त्यांचे गुण मागू शकतं, पण कमी जीपीएला त्यांचा टेकू आता मिळत नाही.

दुसऱ्या भेटीत मी आईबाबांना बाहेर बसायला सांगितलं. आईनं फाईल माझ्याकडे सरकवली, मी ती बंदच ठेवली. निहारला विचारलं, "हंड्रेड बटरफ्लायचा टाइम किती?"

"५३.४१. नववीत ५८.९ होता. दहावीत ५५.७." एका दमात.

"लिहून ठेवतोस?"

"नाही. पाठ आहेत. माझेच आहेत ना, मावशी."

"आणि हे?" मी फाईलवर बोट ठेवलं.

तो बराच वेळ गप्प होता. मी ती शांतता मोडली नाही. या कामात इतकी वर्षं काढून मी काही शिकले असेन तर हेच. मग हळूच म्हणाला, "ते आईबाबांचं आहे."

मुलगा आळशी नव्हता. घरातली सगळी काळजी दोघांनी मिळून उचलली होती, त्याच्या वाट्याला उचलायला काही उरलंच नव्हतं. काळजी ज्याची त्याच्या हातात जाईपर्यंत शिकवण्या आणि वेळापत्रकं वरवरची राहतात, असं मी ठामपणे मानते. त्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडलं.

मी कोऱ्या कागदावर १६ चौकटी आखल्या, पेन त्याच्याकडे दिलं. शाळेची मान्य कोर्सेसची यादी एनसीएएच्या संकेतस्थळावर असते; ती उघडून तो एकेक नाव शोधू लागला. अकरावीला घेतलेलं कन्झ्युमर मॅथ यादीत नव्हतं. त्यानं दोनदा शोधलं. जूनपर्यंत भरणाऱ्या चौकटी नऊच.

"वन शॉर्ट," तो म्हणाला. आवाजात भीती नव्हती. शर्यतीत शेवटची लॅप मोजावी तसा आवाज होता. "समरला ऑल्जिब्रा टू घेतलं तर?"

तर दहा. आणि बारावीत सहा, एकही न सोडता. अवघड आहे हे मी त्याला तिथेच सांगितलं. डिव्हिजन टूला १६ कोर्स आणि २.२ लागतात, पण दहाची ती अट नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, प्रवेशाचे निकष कॉलेजचे स्वतःचे असतात. हेही त्यानं कागदाच्या कडेला लिहून घेतलं.

नववीतल्या मुलांच्या आईबाबांना मी आता पहिल्या भेटीतच ही यादी उघडायला लावते, आणि माउस मुलाच्या हातात देते. विषय निवडताना शाळेच्या काउन्सेलरकडे मुलानं स्वतः जावं. तुम्ही सोबत जा, पण बोलू त्याला द्या. कमी ग्रेड आली म्हणून पोहणं बंद करू नका. जिथे तो स्वतः हिशोब ठेवतो अशी ती एकच जागा असेल, तर तीच काढून घेऊन काय साधणार?

ऑगस्टमध्ये निहारनं त्या कागदाचा फोटो पाठवला. दहावी चौकट भरलेली, शेजारी 'बी'. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. फाईल आता त्याच्या टेबलावर असते, म्हणाली. "ताई, रोज खोलीच्या दारापर्यंत जाते आणि परत फिरते."