पर्यावरणाची उजळणी प्रकरणवार नको, नदीवार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्याख्या तोंडपाठ आहेत, पण पेपरात उदाहरण आलं की बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) की सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी), यूट्रोफिकेशन की बायोमॅग्निफिकेशन, असा घोळ होतो. परीक्षा तोंडावर आहे, उजळणी कुठून धरू? आणि आकडे किती पाठ करू?

माझं स्पष्ट मत आहे की प्रकरणवार वाचणं आता थांबवा आणि एक नदी हातात घ्या. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून माझी आवडती नदी भीमा. भीमाशंकरला उगम, पुढे मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी तिला मिळतं, मग उजनीचा जलाशय आणि त्याखाली पंढरपूर. निम्मा अभ्यासक्रम या वाटेवर भेटतो. प्रत्येक मुक्कामी एवढंच विचारायचं: इथे काय आलं, त्यातलं काय साठलं आणि काय पुढे गेलं?

उगमाशी जंगल, देवराया, शेकरू. प्रदेशनिष्ठ जाती (जगात फक्त त्याच प्रदेशात सापडणाऱ्या) आणि जैवविविधतेचे हॉटस्पॉट हे दोन्ही इथेच समजून घ्या. नुसती जैवविविधता भरपूर असली म्हणजे हॉटस्पॉट होत नाही. किमान 1500 प्रदेशनिष्ठ वनस्पती हव्यात आणि मूळ अधिवासातला 70 टक्के किंवा जास्त भाग नष्ट झालेला हवा. दुसरी अट मुलं हमखास विसरतात. ऊर्जेचा 10 टक्क्यांचा नियमही (अन्नसाखळीत एका पायरीवरची साधारण 10 टक्केच ऊर्जा पुढच्या पायरीला मिळते) इथेच उरकून घ्या. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, पोषकद्रव्यं मात्र फिरत राहतात. हे वाक्य पुढे उजनीत लागणार आहे.

आता पुण्याच्या खाली या. इथे मात्र घाई करू नका.

बीओडीची चाचणी डोळ्यांसमोर आणा. 300 मिलीची काचेची बाटली, बूच असं बसवायचं की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. त्या दिवशीचा विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. दुसरी तशीच बाटली अंधारात, आपल्याकडच्या मानकाप्रमाणे 27 अंशांवर 3 दिवस ठेवायची (जुन्या पुस्तकांत 20 अंश, 5 दिवस असतं) आणि पुन्हा मोजायचं. समजा सांडपाणी 50 पट पातळ केलं होतं आणि ऑक्सिजन 7.8 वरून 3.8 वर आला. फरक 4, गुणिले 50, म्हणजे बीओडी 200 मिलिग्रॅम प्रति लिटर. अंधार कशासाठी? उजेड मिळाला तर शेवाळ आत ऑक्सिजन तयार करेल आणि हिशेब चुकेल. म्हणजे बीओडी हा घाणीचा थेट मोजलेला आकडा नाही. ती घाण कुजवताना जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला, त्याचा आकडा आहे. सीओडीत जिवाणूंना कामच नसतं. तिथे डायक्रोमेट आणि तीव्र आम्ल, 2 तास उकळणं. जिवाणूंना न पचणारंही त्यात जळतं, म्हणून सीओडी बीओडीपेक्षा जास्त. दोघांत फार मोठी तफावत दिसली तर कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय घ्यायचा. एवढं कळलं की या जोडीवरचा प्रश्न चुकत नाही.

नदीत स्नानासाठी निकष आहे: बीओडी 3 किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन 5 किंवा जास्त, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर. हे दोन आकडे पाठ हवेतच. आषाढीला लाखो वारकरी चंद्रभागेत (पंढरपुरात भीमेचं हेच नाव) उतरतात आणि त्यासाठी उजनीतूनच पाणी सोडलं जातं. हा निकष त्यांच्या अंगाला लागणाऱ्या पाण्याचा आहे, म्हणून मला तो कधी कोरडा वाटला नाही.

उजनीत नदी थबकते. सांडपाण्यातला आणि शेतातल्या खतांचा नायट्रोजन-फॉस्फरस संथ पाण्यात थांबतो, ऊन भरपूर, मग उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं, रात्री तेच घेतं, मेल्यावर कुजताना आणखी संपतो. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे. हे यूट्रोफिकेशन. आता इथली मेख बघा. साध्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा भर बीओडी कमी करण्यावर असतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला वेगळे टप्पे लागतात. ते नसतील तर बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसतं, अहवालात बीओडी उत्तीर्ण, आणि तरी खालचा जलाशय हिरवा होतो. कुजणारं अन्न गेलं, खत राहिलं. हे उत्तरात लिहिलंत तर तपासणारा थांबून वाचेल.

तिथेच परकीय जातींचं उदाहरण आहे: चिलापी. मूळची आफ्रिकेतली, आता भिगवणच्या खानावळीत ताटभर मिळते.

बायोमॅग्निफिकेशन वेगळं ओळखायचं. त्यात पदार्थ विघटन न होणारा, चरबीत किंवा उतींत साठणारा लागतो, आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं. डीडीटी, मिनामाताचा पारा ही पक्की उदाहरणं. गिधाडं आणि डायक्लोफिनॅक (जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक) हे मात्र त्यात लिहू नका, अनेक गाइडांत ते चुकीचं छापलेलं असतं. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, मूत्रपिंड निकामी होऊन ते मेलं. ही थेट विषबाधा झाली, पायरी-पायरीने साठत जाणं यात नाही. भारतात जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली.

शाश्वत विकासाची 1987 ची ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या (पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं) सगळेच लिहितात. तुम्ही तिच्याखाली उजनीचा हिशेब मांडा. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे तळातलं, एरवी न वापरायचं पाणी. वापराचा साठा संपला की लोक म्हणतात ‘धरण मायनसमध्ये गेलं’, आणि तरी उपसा चालूच राहतो. वर्षाला येणारं पाणी वापरणं वेगळं आणि तळातली शिल्लक उपसणं वेगळं. वहनक्षमता (निसर्गाला किती भार पेलतो), भूजलाचा अतिउपसा, उसाच्या साखरेबरोबर जिल्ह्याबाहेर जाणारं आभासी पाणी (ऊस पिकवायला खर्ची पडलेलं), सगळं याच हिशेबात बसतं. उलट उदाहरण हवं तर नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव. पाऊस किती पडला ते मोजून गाव त्या वर्षीची पिकं ठरवतं, सिंचनासाठी बोअरवेलला बंदी आहे.

करारांना एक संध्याकाळ पुरे. माँट्रियल 1987 ओझोनसाठी. क्योटो 1997 आणि पॅरिस 2015 हवामानासाठी. ओझोनला पडलेलं भोक आणि तापमानवाढ एकमेकांत मिसळू नका. कार्बन डायऑक्साइड उद्योगपूर्व काळात 280 पीपीएम (दहा लाख भागांत 280 भाग) होता, आता 420 च्या पुढे गेला आहे.

आकडे मी वर दिले तेवढे पुरेत. त्यातला प्रत्येक आकडा कशाचा, कोणत्या एककात आणि कोणत्या अटीखाली, हे न बघता सांगता येतं का ते तपासा. मग तुमच्या स्वतःच्या गावची नदी किंवा तलाव घेऊन हीच वाट एका कागदावर काढा. काढून झालं की इथे टाका, मी नक्की बघेन.