जुने कागद, जुन्या थापा : वाचकांचे प्रश्न

आजोबांच्या ट्रंकेत १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक सापडलं. खरं असेल का? (शाहूपुरी)

मोबाइलवरच्या फोटोवरून सांगणार नाही. खऱ्या पदकावर एका बाजूला राजा-राणी, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर असतो. नाणी-पदकांच्या जाणकाराला दाखवा. तोवर चिंच लावून घासू नका.

‘भारतात मला एकही भिकारी दिसला नाही’ हे मेकॉले ब्रिटिश संसदेत २ फेब्रुवारी १८३५ ला म्हणाला ना? (गंगावेश)

नाही. त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. फॉरवर्ड करणं थांबवा.

इंग्लंडमधल्या साध्या कामगाराला साम्राज्याचं काय देणंघेणं? तरी तो पाठीशी कसा राहिला? प्रबंधासाठी हवंय. (राजारामपुरी)

हा प्रश्न सारखा येतो आणि विचारणाऱ्याला ‘भाषणं, वर्तमानपत्रं’ एवढंच उत्तर हवं असतं. अहो, भाषणं ऐकतो कोण! साम्राज्य स्वयंपाकघरातून शिरलं. १९२६ मध्ये साम्राज्यातलाच माल घ्या असं सांगणारं सरकारी ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ निघालं. त्याची रंगीत पोस्टरं गावोगावी लागली. १९२७ च्या नाताळासाठी तर थेट राजाच्या आचाऱ्याची पुडिंगची कृती वाटली. बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, सफरचंद कॅनडाचं, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची आणि मसाला आपल्याकडचा! आपली आजी चटणीची मिरची कुठली, लसूण कुठला हे जसं सांगते, तसा तिथल्या बाईला साम्राज्याचा नकाशा पाठ. कृतीत खोटं काहीच नाही. मळ्यावरच्या मजुराला काय मिळत होतं, एवढंच गाळलेलं. पोरांसाठी २४ मे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस : झेंडा, गाणी आणि वर अर्धी सुट्टी. सुट्टी देणारं साम्राज्य कुठल्या पोराला वाईट वाटेल?

मात्र हे सगळं लोकांच्या मनात किती मुरलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. बोर्डही १९३३ मध्ये गुंडाळलं. प्रबंधात ठाम वाक्य ठोकण्याआधी मार्गदर्शकांशी बोला.

त्याच बोर्डाचं ‘ओरिजनल’ पोस्टर ऑनलाइन फ्रेमसकट स्वस्तात मिळतंय. घेऊ? (ताराबाई पार्क)

भिंतीसाठी घ्या, ओरिजनल म्हणून नको. भिंगातून सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसले, तर हल्लीची छपाई समजा.

आपल्या कोल्हापुरातला, मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्सन याचा पुतळा हाही प्रचारच होता का? (शिवाजी पेठ)

होय. म्हणून तर १९४२ च्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांनी तिथे शिवरायांना उभं केलं.

पणजोबांची युद्धकाळातली पत्रकं लॅमिनेट करून ठेवू का? पावसाळ्यानंतर आणतो दाखवायला. (मंगळवार पेठ)

लॅमिनेट अजिबात नको. आणि पावसाळ्यानंतर काय आणणार, कसरीचा भुगा? याच आठवड्यात पुराभिलेखागारात घेऊन जा.